कार्लाइलच्या मुलांचे विजय

अमेरिकेंतील महाविद्यालयांचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यांत मैदानोमैदान दिसणारा पायचेंडूचा खेळ नव्हे. त्यांतील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो छातीशीं धरून धावावयाचें, आणि प्रतिपक्षानें धावणाऱ्यास कवळ घालून जमिनीवर लोळवावयाचें. हुतूतूची झटापट पायचेंडूच्या मैदानावर चालली आहे अशी कल्पना केली, म्हणजे श्रोत्यांना त्याचें स्वरूप पुष्कळसें ध्यानांत येईल. या खेळाच्या रसिकांना जुने विजय आठवून आठवून सांगण्याचें मोठें वेड असतें. आपल्याकडे जुन्या नाट्यवेड्यानें बालगंधर्वांचे प्रवेश वर्णन करावे, त्याच गोडीनें ते कोणत्या सालीं कोणी कोणास कसें हरविलें हें सांगत बसतात. अशा आठवणींत कार्लाइलचें नांव हटकून येतें. खरें पाहतां तें महाविद्यालय नव्हतेंच. ती एक शाळा होती, आणि ती बंद पडून शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं.

१८७९ सालीं रिचर्ड हेन्री प्रॅट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील कार्लाइल गांवीं, जुन्या लष्करी बराकींत ही शाळा काढली. कोलंबसाच्या चुकीमुळें ज्यांना ‘इंडियन’ म्हणण्याचा प्रघात पडला, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचीं मुलें शेंकडों कोसांवरून आगगाडीनें येथें आणीत. आल्याबरोबर त्यांचे केस कापीत, गणवेष चढवीत, नांवें बदलीत, आणि मातृभाषेंत बोलण्यास मनाई करीत. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस कामधंदा. कित्येक मुलें रोगांना बळी पडून तेथेंच वारलीं. मुलाला आईच्या भाषेपासून तोडणें म्हणजेच त्याला सुशिक्षित करणें, अशी ज्या शाळेची समजूत, ती कितीही शिस्तीची असली तरी तिला चांगली म्हणवत नाहीं.

अशा ठिकाणीं मुलांना फुटबॉलचा नाद लागला. एका मुलाचा पाय मोडला तेव्हां प्रॅटनें बाहेरचे सामने बंद केले. पुढें मुलांचें शिष्टमंडळ त्याच्याकडे गेलें, तेव्हां त्यानें दोन अटींवर परवानगी दिली. प्रतिपक्षानें कितीही डिवचलें तरी ठोसा मारावयाचा नाहीं, ही पहिली. आणि थोड्याच वर्षांत देशांतील बलाढ्य संघास हरवून दाखवावयाचें, ही दुसरी. पहिल्या अटीमागील हिशेब उघड होता. गोऱ्या मुलानें हात उगारला तर तो खेळांतला आवेश. इंडियन मुलानें उगारला तर लोक म्हणणार, पाहा, रानटी तो रानटीच!

१८९९ सालीं ग्लेन वॉर्नर हा शिक्षक म्हणून आला, आणि त्याच वर्षीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठावर १६ विरुद्ध ५ असा विजय मिळाला. कार्लाइलचे गडी अंगानें हलके व संख्येनें थोडे. म्हणून वेग आणि युक्ति हींच त्यांचीं शस्त्रें झालीं. १९०३ सालीं हार्वर्डविरुद्ध त्यांनीं चेंडू डिलन नांवाच्या गड्याच्या पाठीवरील सदऱ्यांत दडविला. हार्वर्डचे वीर चेंडू शोधीत राहिले आणि डिलन मैदान ओलांडून गेला. तो सामना कार्लाइलनें एका गुणानें गमावला. तरी त्या दिवशीं जिंकणाऱ्यापेक्षां हरणाऱ्याचीच आठवण लोकांनीं अधिक ठेवली.

१९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्यास नियमांनीं मुभा दिली. मोठीं विद्यापीठें या नव्या सोयीकडे साशंकपणें पाहत होतीं. कार्लाइलनें ती आपलीशी केली. १९०७ च्या ऑक्टोबरांत पेनसिल्व्हेनिया २६ विरुद्ध ६ असें पडलें, आणि नोव्हेंबरांत हार्वर्ड २३ विरुद्ध १५. हार्वर्डवरचा तो कार्लाइलचा पहिलाच विजय.

१९११ च्या हार्वर्ड-सामन्याची गोष्ट तर शौकिनांच्या तोंडीं कायमची बसली आहे. जिम थॉर्प या गड्याचा पाय दुखावलेला होता. तो पट्ट्या बांधूनच उतरला. हार्वर्डनें आरंभीं आपले मुख्य गडी राखून ठेवले. हा गर्व त्यांना महाग पडला. थॉर्पनें त्या दुखऱ्या पायाच्या जोरावर चार वेळां चेंडू उंच खांबांमधून पार केला, आणि सामना १८ विरुद्ध १५ असा कार्लाइलचा झाला.

परंतु सर्वांवर कडी केली ती ९ नोव्हेंबर १९१२ च्या सामन्यानें. स्थळ वेस्ट पॉइंट, हडसन नदीकांठची लष्करी अकादमी. प्रतिपक्षी उद्यांचे सेनाधिकारी. अवघ्या बावीस वर्षांपूर्वीं, १८९० च्या डिसेंबरांत, याच सैन्यानें वूंडेड नी येथें लकोटा जमातीच्या दीडशेंहून अधिक माणसांची, बायकामुलांसकट, कत्तल केली होती. समोरच्या मुलांच्या बापांनीं तुमच्या बापांशीं लढाई केली, हें विसरूं नका, अशा अर्थाचें कांहीं वॉर्नरनें सामन्यापूर्वीं सुनावलें असें सांगतात. तें सुनावण्याची गरज होती असें वाटत नाहीं. मध्यंतरापर्यंत कार्लाइल अवघ्या एका गुणानें पुढें होतें. मग लष्करी संघाचा धिप्पाड कप्तान डेव्होर याचा तोल सुटला. त्यानें जो गायन या इंडियन गड्यावर राग काढला आणि पंचांनीं त्याला मैदानाबाहेर घालविलें. प्रॅटच्या पहिल्या अटीचा अर्थ त्या क्षणीं उलटा होऊन सर्वांना दिसला! अखेर २७ विरुद्ध ६. जिंकणाऱ्या मुलांपैकीं अनेकांना आपल्याच देशाचें नागरिकत्व नव्हतें. मूळ रहिवाशांना तें सरसकट मिळालें १९२४ सालीं.

या विजयांचा पैसा मात्र मुलांच्या हातीं नव्हता. १९१४ सालीं शाळेच्या कारभाराची काँग्रेसच्या समितीनें चौकशी केली. तिच्यामागें मुलांचाच अर्ज होता, आणि त्यासाठीं सह्या जमविण्यांत पुढाकार होता गस वेल्शचा, म्हणजे १९१२ च्या त्याच संघांतील गड्याचा. वॉर्नर खेळ उत्तम शिकवितो, पण त्याला तत्त्व म्हणून नाहीं, अशी साक्ष वेल्शनें दिली. आपल्याला जिंकावयास शिकविणाऱ्याविरुद्ध अशी साक्ष देणें हेंही वेस्ट पॉइंटच्या सामन्याइतकेंच धैर्याचें काम होतें. वॉर्नर गेला, आणि १९१८ सालीं शाळा बंद होऊन इमारती लष्करी इस्पितळाकडे गेल्या. तेथें पुरलेल्या मुलांचे अवशेष २०१७ पासून त्यांच्या जमातींना परत दिले जाऊं लागले.

थॉर्पनें १९१२ च्या उन्हाळ्यांत स्टॉकहोम येथें दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. पूर्वीं बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले, एवढ्यावरून तीं १९१३ सालीं काढून घेतलीं. एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव पुन्हां लागलें तें २०२२ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनीं.

वेस्ट पॉइंटच्या संघांत त्या दिवशीं ड्वाइट आयझेनहॉवर नांवाचा एक तरुण होता. थॉर्पला अडविण्याचा त्यानें जिवापाड प्रयत्न केला. पुढें हेच आयझेनहॉवर महायुद्धांतील सेनापति आणि अमेरिकेचे अध्यक्ष झाले. १९६१ सालच्या एका भाषणांत त्यांनीं त्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची आठवण काढली. आपण पाहिलेल्या कोणत्याही फुटबॉल खेळाडूपेक्षां थॉर्प प्रत्येक गोष्ट अधिक चांगली करी, असें त्यांनीं सांगितलें.