डिझेलवरचा कर शेवटी कोण भरतो? एका गाडीच्या मालकाचा सरळ हिशोब

वसई : वालीव, गोखिवरे, चिंचोटी, विरार फाटा. सकाळी कुठल्याही नाक्यावर बघा, भाड्याची वाट बघत टेम्पो आणि ट्रक उभे दिसतील. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा मालक तोच, ड्रायव्हर तोच आणि बँकेचा हप्ता भरणाराही तोच. डिझेल वाढलं की पहिला फटका त्याला बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डिझेलच्या दरात कर किती, तो कोण घेतं आणि शेवटी कुणाच्या खिशातून जातो, हे पंपाच्या पावतीवर नीट कळत नाही. म्हणून हा हिशोब.

एका लिटरमध्ये कर किती?

डिझेलवर दोन मोठे कर आहेत. पहिला केंद्राचा उत्पादन शुल्क. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने तो लिटरमागे २ रुपयांनी वाढवला, त्यानंतर तो १७ रुपये ८० पैसे झाला. त्या वेळी पंपावरचा दर वाढला नाही, कारण कच्चं तेल स्वस्त झालं होतं. म्हणजे जी स्वस्ताई आपल्याला मिळायची ती करात गेली.

दुसरा राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात डिझेलवर तो २१ टक्के आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत आधी २४ टक्के होता, १ जुलै २०२४ पासून तिथेही २१ टक्के केला. वसई-विरारला आधीपासूनच २१ टक्के होता, त्यामुळे तेव्हाची कपात आपल्याकडे पोचलीच नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्राचा कर रुपयांत ठरलेला असतो, राज्याचा टक्क्यांत. राज्याचा कर केंद्राचा कर धरून झालेल्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. तेल महागलं की राज्याचा कर आपोआप वाढतो, त्यासाठी वेगळा निर्णय लागत नाही.

समजा पंपावर डिझेल ९० रुपये आहे. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतरच्या दराने त्यात केंद्राचे १७.८० आणि राज्याचे साधारण १५ रुपये. एकूण जवळपास ३३ रुपये कर. १०० रुपयांचं डिझेल टाकलं तर ३६-३७ रुपये करात गेले असं समजा.

एका फेरीत किती जातात?

समजा आयशर टेम्पो वसईहून वाशी मार्केटला माल टाकून परत आला. जाऊन येऊन १२० किलोमीटर आणि गाडीचं ॲव्हरेज ६ धरलं, तर २० लिटर डिझेल लागलं. पंपावर १८०० रुपये गेले, त्यात कर ६६० रुपये. महिन्यात अशा २५ फेऱ्या झाल्या तर कर झाला १६,५०० रुपये. कित्येकांच्या गाडीचा हप्ता एवढाच असतो.

वर्सोवा पुलावर किंवा घोडबंदरला गाडी तासभर अडकली तर चालू इंजिनात जळणाऱ्या डिझेलवरही हाच कर. येताना गाडी रिकामी आली तर परतीच्या डिझेलचाही भार जातानाच्या भाड्यावरच पडतो.

भाडं वाढवून का घेत नाहीत?

मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा कारखान्याशी करार असतो. डिझेल अमुक रुपयांच्या वर गेलं तर भाडं इतकं वाढेल, असं त्यात लिहिलेलं असतं. एका गाडीवाल्याला काम मिळतं दलालाकडून किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, तेही तोंडी. त्याने २०० रुपये जास्त मागितले तर मागे उभा असलेला दुसरा गाडीवाला जुन्या दरात जायला तयार असतो, कारण त्याचाही हप्ता थांबत नाही.

वर डिझेल रोखीने आणि भाडं उधारीवर. महिना, दीड महिना पैसे येत नाहीत. म्हणजे सरकारला कर आज पोचतो आणि तो कर गाडीवाल्याला भाड्यातून महिन्याने परत मिळतो, मिळाला तर.

डिझेल जीएसटीत नाही म्हणजे काय?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन यांना त्यातून बाहेर ठेवलं. जीएसटीत व्यापाऱ्याने आधी भरलेला कर पुढच्या करातून वजा होतो. डिझेलवरच्या कराची अशी वजावट कुणालाच नाही, तो भाड्यात मुरतो आणि मालाच्या किमतीत जाऊन बसतो.

डिझेल जीएसटीत घ्या ही मागणी जुनी आहे. २० जुलै २०१८ पासून ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसने देशभर आठ दिवस चक्का जाम केला, त्यात ही मागणी होती. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या जीएसटी परिषदेत विषय आला, पण ही वेळ नाही असं ठरलं. राज्यांना स्वतःच्या हातातलं उत्पन्न सोडायचं नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

इथे एक खुलासा हवा. बिल्टी न काढता नुसती गाडी भाड्याने लावणाऱ्याच्या भाड्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे त्यांची सहसा नोंदणीही नसते. उद्या डिझेल जीएसटीत आलं तरी नोंदणी नसलेल्याला वजावट मिळणार नाही. त्याला फायदा होईल तो दर कमी ठरला तरच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रक आणि टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तो फायदा मात्र नवीन गाडी किंवा टायर घेताना थेट मिळतो.

मग शेवटी भरतो कोण?

ज्याला आपला दर ठरवता येत नाही तो.

बिल्डरकडे जाणारी खडी, सिमेंट, विटा यांचं भाडं वाढलं तर ते घराच्या किमतीत लागतं आणि घर घेणारा भरतो. शेतमालाचं उलटं आहे. जव्हार-विक्रमगडचा मोगरा पहाटे दादरला पोचलाच पाहिजे. डहाणूचा चिकू, वसईची केळी आणि भाजी थांबत नाही. बाजारात भाव आवक बघून ठरतो, डिझेल बघून नाही. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीवर येते. भाडं वाढलं की पट्टी कमी होते. आम्ही शेतकरी डिझेलचा कर दोनदा भरतो, एकदा ट्रॅक्टरच्या टाकीत आणि एकदा पट्टीत.

आपल्याच किनाऱ्यावर दुसरं उदाहरण आहे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या यांत्रिक बोटींना मच्छीमार सोसायटीमार्फत डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. तो वेळेवर येत नाही ही ओरड असते, पण तरतूद आहे. माल वाहणाऱ्या टेम्पोला अशी कुठलीच तरतूद नाही.

हद्दीपलीकडचा पंप

आपला जिल्हा गुजरात आणि दादरा-नगर हवेलीला लागून आहे. तिकडे व्हॅट कमी. गुजरातशी पेट्रोलच्या दरात मोठा फरक आहे, डिझेलमध्ये थोडाच. सिल्वासा-दमणला डिझेलही स्वस्त पडतं. लांब पल्ल्याचे ट्रक तिकडेच टाकी फुल करतात, तलासरीकडच्या आपल्या पंपांचा धंदा मार खातो आणि राज्याचा करही बुडतो. वसईच्या टेम्पोवाल्याला मात्र हद्द शंभरेक किलोमीटर. तिथे जाऊन यायलाच वाचेल त्यापेक्षा जास्त जळतं.

कर कमी केला की काय होतं, हे सीएनजीत दिसलं. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला. अनेक छोटे टेम्पो सीएनजीवर गेले. आता पंपावरच्या रांगेत तास जातो, ती वेगळी डोकेदुखी.

कर किती वेळा बदलला?

मे २०१४ मध्ये डिझेलवर केंद्राचा कर ३ रुपये ५६ पैसे होता. कोरोनात कच्चं तेल कोसळलं तेव्हा मे २०२० मध्ये एका फटक्यात १३ रुपये वाढवून तो ३१ रुपये ८३ पैसे केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल १०० च्या वर गेलं. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले. जुलै २०२२ मध्ये राज्याने डिझेलवर ३ रुपये सोडले.

पैसा जातो कुठे? रस्ते, योजना, पगार यांना सरकारला पैसा लागतो, हे खरंच आहे. पण वाटणी बघा. २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलवर केंद्राने सुमारे ३ लाख ७२ हजार कोटी जमवले, त्यातले राज्यांना वाटून मिळाले जेमतेम २० हजार कोटी. कारण कराचा मोठा भाग अधिभार आणि उपकर या नावाने घेतला जातो आणि तो राज्यांना वाटावा लागत नाही. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर डिझेलच्या १७.८० पैकी वाटणीत येत होते फक्त १ रुपया ८० पैसे. म्हणून केंद्र म्हणतं राज्याने कमी करावं, राज्य म्हणतं केंद्राने करावं.

गाडीवाल्याने आज काय करावं?

कर आपल्या हातात नाही, भाड्याची बोली आहे. भाडं ठरवताना डिझेलचा त्या दिवसाचा दर बोलून घ्या आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा : "डिझेल ९० धरून भाडं. १ रुपया वाढला तर फेरीमागे २० रुपये जास्त, उतरला तर तेवढेच कमी." २० लिटरच्या फेरीला हाच हिशोब बसतो. तुमची गाडी जितके लिटर पिते तितके रुपये धरा. एकट्याने म्हटलं तर दलाल ऐकणार नाही, नाक्यावरच्या सगळ्यांनी मिळून एकच दर धरला तर ऐकावं लागेल. शेतकऱ्यांनीही पट्टीवर भाडं किती कापलं ते वाचून घ्यावं आणि जमेल तिथे चार-पाच जणांनी मिळून एक गाडी भरावी. अर्धी रिकामी गाडी गेली तरी डिझेलचा कर पूर्णच लागतो.