विजेत्याचा स्वभाव आणि प्लुटार्कची लेखणी

अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्ये बाबिलोनला वारला. ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याचे चरित्र लिहिले ते चारशेहून अधिक वर्षांनी. आपण इतिहास नव्हे, चरित्र लिहीत आहोत, हे तो आरंभीच बजावतो. हजारो पडलेल्या लढाईपेक्षा एखादी थट्टा माणसाला अधिक उघडे पाडते, असे त्याचे म्हणणे. एवढ्यावरून त्याला विजेत्याचा भाट ठरवणे सोपे आहे, पण क्लायटसच्या खुनाचे प्रकरण वाचले की तो आरोप टिकत नाही. ग्रॅनिकसच्या लढाईत ज्याने अलेक्झांडरचा जीव वाचवला, त्याच क्लायटस या सेनानीला राजाने इ.स.पू. 328 मध्ये मद्याच्या भरात भाल्याने ठार केले. भाट असता तर राजाच्या अश्रूंपाशी थांबला असता. प्लुटार्क मात्र पुढे अनॅक्सार्कसला आणतो. राजा करेल तोच न्याय, असे हा तत्त्वज्ञ सांगतो. राजाचे दुःख हलके होते आणि तो आणखी उद्दाम, बेबंद होतो. (खुशामत करायला तत्त्वज्ञच सापडावा, हेही खासच.) शिवाय राजाच्या पराक्रमी वृत्तीचे आणि मद्याच्या ओढीचे मूळ प्लुटार्कने आधीच एका जागी, त्याच्या अंगच्या उष्णतेत, दाखवून ठेवलेले असते. गुण एका पारड्यात आणि दोष दुसऱ्यात, अशी सोय तो वाचकाला ठेवत नाही.

इतक्या उशिराच्या आख्यायिकांवर विसंबायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण प्लुटार्क त्या डोळे मिटून घेत नाही. अ‍ॅमेझॉन राणीच्या भेटीची कथा सांगताना तो ती मानणारे आणि नाकारणारे लेखक नावानिशी देतो. वर, ती ऐकून ‘तेव्हा मी कुठे होतो?’ असे विचारणारा अलेक्झांडरचाच सेनानी लिसिमाकसही उभा करतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: विजेत्याच्या मनाचा ठाव घेताना जिंकलेल्यांचे काय? अलेक्झांडरने थीब्ज हे ग्रीक शहर जिंकले तेव्हा सहा हजारांवर माणसे मेली, तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली, हे प्लुटार्क नोंदवतो. पण लगेच टिमोक्लिया या एका स्त्रीला राजाने दिलेल्या मुक्ततेची कथा रंगवतो. तो स्वतः थीब्जजवळच्या केरोनियाचा, तरीही! स्वात खोऱ्याकडच्या मोहिमेत तह करून निघालेल्या भारतीय भाडोत्री सैनिकांना राजाने वाटेत गाठून कापले. हा त्याच्या युद्धकीर्तीवरचा डाग आहे, असे प्लुटार्क स्पष्ट म्हणतो. मात्र त्या कत्तलीला तो दोन-चार ओळींपलीकडे जागा देत नाही.