आडव्या ग्रहाची कुळकथा

नवग्रहांच्या घराण्यात ज्याला जन्मसिद्ध स्थान नव्हते, ज्याच्यासाठी कोणत्याही शास्त्रकाराने दान, जप वा रत्न नेमून ठेवले नव्हते, असा एक ग्रह मराठी माणसाच्या जन्मपत्रिकेत येऊन बसला आहे, आणि त्याच्या आगमनाची कोणी फारशी चौकशी केलेली दिसत नाही. ती चौकशी सीमेवरच्या एका मुलखातून सुरू करू. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरचा मुलूख मध्यप्रदेशाच्या दप्तरी राहिला. 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही झाला. कचेरीतला कागद हिंदी आणि घरातले बोलणे, तसेच खुंटीला अडकवलेले पंचांग मराठी, अशी तेथील वहिवाट. त्या पंचांगात शनी आणि राहू यांच्या पंक्तीला ‘हर्षल’ नावाचा एक रकाना असतो, आणि हिंदी मुलखात ज्याला अरुण किंवा युरेनस म्हणतात तो हाच.

या हर्षलाचे मूळ घराणे जर्मन. विल्यम हर्शेल हा हॅनोव्हरचा, लष्करी बँडात वाजवणाऱ्या बापाचा मुलगा, इंग्लंडात बाथ या गावी संगीताच्या शिकवण्या करून पोट भरणारा आणि उरलेल्या वेळात धातूचे आरसे घासून दुर्बिणी बनवणारा गृहस्थ होता. 13 मार्च 1781 च्या रात्री, घरामागच्या बागेतून, सव्वासहा इंच व्यासाच्या स्वनिर्मित आरशात त्याला मिथुन राशीजवळ एक अशी ज्योत दिसली की जी ताऱ्यासारखी बिंदुरूप न राहता दुर्बिणीची शक्ती वाढवावी तशी वाढत होती. त्याने तिला धूमकेतू मानले. ती ग्रह असल्याचा निवाडा पुढे कक्षेच्या गणिताने झाला. हर्शेलने ग्रहाला राजा तिसऱ्या जॉर्जचे नाव दिले आणि त्याला सालिना 200 पौंडांची नेमणूक मिळाली, हा व्यवहार आपल्याकडच्या इनाम-वतनांच्या रिवाजाशी इतका मिळताजुळता आहे की त्यावर अधिक टिप्पणी नको. फ्रेंचांना मात्र आकाशात इंग्रजांचा राजा चालणे शक्य नव्हते. त्यांच्यातल्या लालांद या ज्योतिर्विदाने शोधकाचेच नाव सुचवले, बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने युरेनस सुचवले, आणि इंग्रजांच्या नौकानयन-पंचांगाने राजाचे नाव सोडून युरेनस स्वीकारायला 1850 साल उजाडले. या मधल्या जवळजवळ सत्तर वर्षांत इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांतून ज्योतिष शिकणाऱ्या आमच्या पंडितांच्या कानी शोधकाचे आडनाव पडत राहिले असावे. पुढे ‘प्रजापती’ हे शुद्ध वैदिक नावही पुढे आले, परंतु ते ग्रंथांतच राहिले. हर्षल या शब्दात हर्ष ऐकू येतो, आणि हर्ष ऐकू आला की मराठी आईबाप पुढचा विचार करीत नाहीत. आज विदर्भातल्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर एखादा हर्षल सापडतोच, आणि आपले नाव एका जर्मन वादकाचे आडनाव आहे याची त्याला दादही नसते.

नाव असे घरोघर पोचले, तरी त्या नावाच्या धन्याचे शरीर कसे आहे याची माहिती मात्र जवळजवळ दोन शतके अत्यंत तुटपुंजी होती. तो सूर्यापासून सुमारे 287 कोटी किलोमीटरांवर आहे, त्याची एक प्रदक्षिणा 84 वर्षांची आहे, त्याला चंद्र आहेत आणि दुर्बिणीत तो फिकट निळसर-हिरवी चकती दिसतो, एवढ्यावरच कारभार जवळजवळ अडला होता. ही अडलेली गाडी ज्या उपायाने पुढे सरकली तो उपाय पंचांगकर्त्यांच्या घरचाच आहे, आणि या कुळकथेतला खरा आस्वाद्य भाग मला तोच वाटतो.

एका ज्योतीने दुसरीला झाकणे याला आपल्याकडे पिधान म्हणतात. चंद्र रोहिणीला झाकतो हे तर खेड्यापाड्यांतही पाहिले जाई. परंतु कोणता ग्रह रोहिणीच्या शकटाचा भेद केव्हा करील, हा प्रश्न गणेश दैवज्ञाने 1520 च्या सुमारास कोकणातील नांदगावी रचलेल्या ‘ग्रहलाघवा’तही हाताळलेला आहे, कारण शनी किंवा मंगळाने तो गाडा फोडला तर प्रजेवर महासंकट कोसळते अशी समजूत होती. आधुनिक ज्योतिर्विदांनी यातले संकट काढून टाकले आणि गणित तेवढे ठेवले. ग्रहाची गती ठाऊक असली, तर तो ताऱ्यासमोरून जाताना तारा किती वेळ अदृश्य राहिला यावरून ग्रहाची रुंदी काढता येते; तारा एकदम मालवला तर ग्रहाला वातावरण नाही, हळूहळू फिका होत गेला तर वातावरण आहे, आणि फिकेपणाच्या चढउतारावरून त्या वातावरणाचे तापमानही अजमावता येते. ग्रहाचा एक कणही हाती न लागता त्याची अशी झडती घेणारी साधने त्या काळी थोडीच होती.

10 मार्च 1977 ची रात्र त्यासाठी मुक्रर झाली. तुळा राशीतल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एस.ए.ओ. 158687 या ताऱ्यावरून हर्षल जाणार होता. जेम्स इलियट, एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक हे अमेरिकन शास्त्रज्ञ ‘कायपर’ या उडत्या वेधशाळेत, म्हणजे 91 सेंटिमीटरची दुर्बीण बसवलेल्या विमानात, हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर जाऊन राहिले. पिधानाची नेमकी वेळ गणिताने पक्की करता येईना म्हणून त्यांनी उपकरणे बरीच आधी चालू केली, आणि ग्रह ताऱ्यापाशी पोचायला अर्ध्या तासाहून अधिक अवकाश असतानाच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर खाली गेला. मग पुन्हा, मग पुन्हा. पिधान आटोपल्यावर दुसऱ्या बाजूला त्याच अंतरांवर तशाच खाचा उमटल्या. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच खाचा एकमेकींशी जुळल्या आणि हर्षलाला अरुंद, काळीकुट्ट कडी आहेत हे सिद्ध झाले. तोपर्यंत कडी म्हणजे शनीचे वतन समजले जाई.

त्याच रात्री भारतातही दोन ठिकाणी दुर्बिणी रोखलेल्या होत्या. तमिळनाडूतील कावलूर येथे 102 सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांच्या आलेखात काही सेकंदांची एक ठळक खाच उमटली. त्यांनी प्रथम तो नवा उपग्रह समजून ‘नेचर’ या नियतकालिकात तसे कळवले, आणि कड्यांचा उलगडा झाल्यावर भट्टाचार्य आणि वेणू बाप्पू यांनी त्याच नोंदी कड्यांच्या म्हणून पुन्हा मांडल्या. नैनितालच्या वेधशाळेतही कड्यांचा हा वेध मिळाला. आता नकाशा पाहावा. सौंसर आणि कावलूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, नैनिताल किंचित पूर्वेला, आणि सौंसर या दोहोंच्या साधारण मध्यावर. तेव्हा जी कड्यांची छाया उत्तरेला नैनितालवर आणि दक्षिणेला कावलूरवर पडली, ती सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या बागांवरूनही गेलीच असली पाहिजे. मृगबहाराची फळे उतरवण्याचे ते दिवस, शिवाय लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम. मध्यरात्र उलटून गेल्यावर आपल्या डोक्यावरून काय गेले याची तिथे कोणाला गंधवार्ता असणे शक्य नव्हते.

पुढची नऊ वर्षे वाट पाहून 24 जानेवारी 1986 रोजी ‘व्हॉयेजर 2’ हे यान त्या ग्रहाजवळून गेले; आजवर तिथे गेलेले ते एकुलते एक यान. त्या भेटीने आणि नंतरच्या दुर्बिणींनी जे चित्र पुरे केले ते असे: विषुववृत्तावर व्यास सुमारे 51,100 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या चौपट, वस्तुमान साडेचौदा पृथ्वींइतके, पण घनता पाण्याहून जराशीच अधिक. वरचा डोलारा हायड्रोजन आणि हेलियमचा, खालचा पाणी, अमोनिया आणि मिथेन यांच्या दाट तप्त द्रवाचा; उभे राहायला जमीन नाही, आणि ढगांच्या पातळीवर गुरुत्व पृथ्वीहून थोडे कमीच, म्हणून पांढुर्ण्याच्या मंडीत तोलून घेतलेली क्विंटलभर संत्री तिथे स्प्रिंगच्या काट्यावर सुमारे 90 किलोच भरतील. मिथेन तांबडा प्रकाश गिळतो म्हणून निळसर रंग. वरच्या ढगांत हायड्रोजन सल्फाइड सापडला, तेव्हा सडक्या अंड्याचा वासही आहे. उणे 224 अंश सेल्सिअस हे ग्रहांच्या वातावरणात मोजलेले नीचांकी तापमान इथले, आणि सूर्यापासून याहून दूर असलेला नेपच्यूनही याच्याहून अधिक आतली ऊब बाहेर टाकतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना अजून नीट उमगलेली नाही.

सर्वांत मोठे वैशिष्ट्य ग्रहाच्या बसण्याचे, किंबहुना निजण्याचे. त्याचा अक्ष जवळजवळ 98 अंशांनी कललेला असल्यामुळे तो कक्षेत आडवा पडून फिरतो. परिणामी प्रत्येक ध्रुवाला 42 वर्षे दिवस आणि 42 वर्षे रात्र. सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली मारुतीची जी निजलेली मूर्ती आहे, ती मुळात उभी होती आणि गुप्तधनावर आलेल्या चोरांना वाट न देण्यासाठी आडवी झाली, अशी आख्यायिका सांगतात. हर्षलाच्या बाबतीतही शास्त्रज्ञांची कथा अशाच धाटणीची आहे, की मुळात तो इतरांसारखाच उभा होता आणि बालवयात पृथ्वीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गोलाची धडक बसून आडवा झाला. दुसऱ्या कथेला गणिताचा आधार आहे, पण साक्षीदार दोन्हींना नाही. चुंबकीय अक्ष तर या आडव्या अक्षापासूनही 59 अंश फाकलेला आणि ग्रहाच्या मध्यापासून बराच बाजूला सरकलेला, त्यामुळे तिथले चुंबकीय क्षेत्र रोजच्या रोज कोलांट्या घेते.

ज्याला तो पाहायचा असेल त्याने 2026 साली पोळ्याच्या अमावास्येला, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात होणाऱ्या गोटमारीची, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेची, चर्चा आटोपल्यावर, जाम नदीकाठच्या दिव्यांपासून दूर शेतात जाऊन मध्यरात्रीनंतर पूर्वेकडे कृत्तिकांचा परिसर साध्या द्विनेत्री दुर्बिणीने धुंडाळावा. स्वच्छ दृष्टीच्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो. दिसणारा प्रकाश तिथून निघून दोन तास चाळीस मिनिटे झालेली असतात.

पिधानाचा उपाय मात्र ‘व्हॉयेजर’नंतरही निकामी झालेला नाही. 7 एप्रिल 2025 रोजी हर्षलाने पुन्हा एक तारा झाकला तेव्हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या अनेक दुर्बिणी त्यावर रोखलेल्या होत्या, आणि ग्रहाच्या वरच्या थरांचे तापमान त्यातून नव्याने काढले जात आहे. याहून तेजस्वी ताऱ्याचे पिधान नोव्हेंबर 2031 मध्ये आहे आणि त्याची तयारी आतापासून सुरू आहे. वेध नेमका कुठून घ्यायचा, हे त्याही वेळी ग्रहगणिताच्या कोष्टकावरूनच ठरेल.