आधी खिळा, मग अक्षर

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात १८४९च्या सुमारास दहा वर्षांचा एक मुलगा कामाला लागला. काम खिळे घासण्याचे, पगार महिना दोन रुपये. मुलाचे नाव जावजी दादाजी चौधरी. पुढे याच माणसाने निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या सुबक देवनागरी अक्षराने व संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांनी देशभर नाव मिळवले. जावजींविषयी लिहिताना ‘मुद्रणकलेच्या ओढीने’ असे शब्द आपल्या लेखणीतून सहज उतरतात. मीही एका जुन्या लेखात ते लिहून गेलो होतो. आज ते मागे घ्यायचे आहेत.

गरीब घरातल्या दहा वर्षांच्या पोराला ओढ असणार ती दोन रुपयांची. आणि ते काम तरी कसले? पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर कोरायचे, तो पंच. पंच तांब्यात ठोकून अक्षराचा खोलगट ठसा घ्यायचा. तो ठसा साच्यात बसवून त्यावर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार होतो. साच्यातून निघालेल्या खिळ्याला धातूची शेपटी असते, कडा खरबरीत असतात. शेपटी मोडायची आणि बाजू दगडावर घासून सारख्या करायच्या. कमी घासला तर खिळा शेजाऱ्याला रेटतो, जास्त घासला तर ओळ सैल पडते. दिवसभर एवढेच. यात कुणाला पहिल्या दिवशी गोडी लागली असेल, यावर माझा विश्वास नाही.

विश्वास नाही, कारण मी स्वतः यातून गेलो आहे. १९८७ साली, बारावी नापास झाल्यावर, वडिलांनी मला तालुक्याच्या गावातल्या एका ट्रेडल छापखान्यात चिकटवले. मला दिलेले काम खिळे सोडण्याचे, म्हणजे छापून झालेला मजकूर मोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकण्याचे. पहिले सहा महिने मी रोज पळून जायचे बेत केले. मग केव्हातरी बोटांना न बघता खण सापडू लागले. डोळे रिकामे झाले आणि इकडेतिकडे पाहू लागले. निम्म्या रफारांची टोके उडालेली आहेत, एक वेलांटी दुसऱ्याच कुठल्या फाउंड्रीची म्हणून बारीक आहे, हे दिसू लागले. घरी आलेली लग्नपत्रिका वाचताना मुहूर्ताआधी मोडका उकार दिसायचा आणि सलायचा. माझ्या बाबतीत आवड सुरू झाली ती त्या सलण्यापासून.

पुढे रद्दीत निर्णयसागरचे एक कव्हर गेलेले पुस्तक मिळाले. मला संस्कृत येत नव्हते, पण खिळे वाचता येत होते. इतक्या लहान आकारात इतकी स्वच्छ जोडाक्षरे कुणी कोरली असतील, या कुतूहलाने मी शोधू लागलो आणि राणोजी रावजी आरू या कारागिराच्या नावापाशी पोहोचलो. निर्णयसागरच्या अक्षरामागचा हात त्यांचा. ते पुस्तक वाचता यावे म्हणून संस्कृत शिकलो, तेही नंतर.

जावजींच्या आयुष्याचा क्रम या नजरेने पुन्हा पाहावा. मिशन छापखान्यानंतर त्यांनी टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांत नोकऱ्या केल्या. १८६४ साली त्यांनी स्वतःचे काही सुरू केले ते छापखाना नव्हे, खिळे पाडण्याची फाउंड्री. छापखाना आला १८६९ साली. आणि ‘काव्यमाला’ ही संस्कृत काव्यांची मालिका सुरू झाली १८८६ साली. आधी खिळा, मग पान, मग पाठाची शुद्धता. ज्याचे शालेय शिक्षण बेताचे, तो माणूस आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात पंडितांकडून पोथ्या शुद्ध करून घेत होता. १८९२ साली ते वारले. ग्रंथप्रेमाने सुरुवात केलेल्या माणसाने हा प्रवास बहुधा उलट्या दिशेने केला असता. जावजींचा हात एका कामात मुरला की त्यापुढच्या कामातली उणीव त्यांना खुपू लागत असावी, असा मी या क्रमाचा अर्थ लावतो.

यावर दादासाहेब फाळके यांचे उदाहरण दिले जाते. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटले, मग तंत्र शिकले; म्हणजे आधी आवडच. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस चाळिशीचा होता. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग हे सगळे त्याच्या हाताखालून गेलेले होते. तोच पडदा इतर प्रेक्षकांनीही पाहिला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणला तो तयार नजरेने.

मात्र माझ्याच म्हणण्याची एक बाजू मला अडवते. खिळे घासणारी जावजींसारखी पोरे त्या काळात कितीतरी असतील. त्यांचेही हात बसले असतील, काहींची फुप्फुसे शिशाच्या धुळीने भरली असतील. त्यांची नावे इतिहासात नाहीत. कौशल्य आले की आवड येतेच, असे म्हणणे म्हणजे त्या पोरांना विसरणे. आणि दोन रुपयांची गरज ही काही शिकवण्याची पद्धत नव्हे.

हे मला यंदा नीट उमगले, कारण धाकटा मुलगा आयटीआयच्या टर्नर ट्रेडमधून दोन महिन्यांत घरी आला आणि म्हणाला, “बाबा, मला यात आवडच नाही.” जावजींची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ती गिळली. त्यांना घरी परतायची सोय नव्हती. माझ्या मुलाला आहे, आणि ती असावी म्हणूनच मी राबलो.

दिवाळीपर्यंत जा, मग ठरव, एवढेच त्याला सांगितले. तो जातो आहे. संध्याकाळी मी आवडीबद्दल विचारत नाही. “आज काय बिघडलं?” असे विचारतो. आधी तो “काही नाही” म्हणायचा. परवा मात्र जेवता जेवता बराच वेळ सांगत होता, की लेथवर लावलेला रॉड एका टोकाला सुतभर बारीक का उतरतो.