कापूस : पर्णकेस व वर्गीकरण

पानाच्या अपित्वचेवरील (सर्वांत बाहेरील थरावरील) केस सूक्ष्मदर्शकाने तपासून वनस्पती ओळखण्याची पद्धत वर्गीकरणविज्ञानात जुनी आहे. ओक वृक्षाच्या जाती ठरविताना तारकाकृती केसांचा असा उपयोग होतो. कापसात (गॉसिपियम प्रजाती, भेंडी कुल) मात्र हे लक्षण जातीपेक्षा वाण ओळखण्यास अधिक उपयोगी ठरले.

कार्ल लिनीअस यांनी १७६३ मध्ये अमेरिकी कापसाच्या एका जातीला ‘हिर्सुटम’ (केसाळ) हे नाव दिले. तथापि या जातीत जवळजवळ केशहीन पानांचे वाणही आढळतात. उलट, हवाई बेटांवरील टोमेंटोसम ही निराळी जाती दाट केसाळ आहे. जॉर्ज वॉट यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सरकीवरील आखूड तंतू व फुलाखालील छदे यांवर भर दिला. पुढे देशी कापसात गुणसूत्रांच्या १३, तर लागवडीतील अमेरिकी कापसात २६ जोड्या असल्याचे दिसून आले. हचिन्सन, सायलो व स्टीफन्स यांच्या १९४७ मधील ग्रंथात बाह्य लक्षणांना आनुवंशिकीची जोड मिळाली आणि जाती ठरविताना केसांचे महत्त्व गौण झाले.

शेतीत मात्र ते वाढले. दक्षिण आफ्रिकेत एफ. आर. पार्नेल यांनी केसाळ वाणांची निवड करून तुडतुड्यांना प्रतिकार करणारा कापूस तयार केला. केसांची दाटी व लांबी या दोन्हींवर हा प्रतिकार अवलंबून असतो, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. परंतु पांढऱ्या माशीला केसाळ पान अधिक मानवते. त्यामुळे दाट लव सर्वत्र हितकारक ठरत नाही.

जालना येथे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली व हे शहर संकरित बियाण्यांचे प्रमुख केंद्र बनले. वाणसंरक्षणाच्या २००१ च्या कायद्यानुसार नोंदणीसाठी वाणाचा वेगळेपणा, एकरूपता व स्थैर्य तपासतात. कापसात पानांचा केसाळपणा हे त्यांपैकी एक लक्षण होय. कोवळ्या पानावर केस दाट व जून पानावर विरळ दिसत असल्याने तुलना सारख्याच वयाच्या पानांची करावी लागते. केवळ सरकी पाहून वाण ओळखणे कठीण असते. भेसळ उभ्या पिकात उघड झाली, तर शेतकऱ्याचा हंगाम वाया गेलेला असतो. म्हणून रोपे वाढवून केलेली चाचणी व डीएनए परीक्षण यांच्या जोडीनेच केसांचा पुरावा ग्राह्य धरणे योग्य ठरते.