खरा पैसा न लावता क्रिप्टो व्यवहार कसा शिकायचा? टेस्टनेट आणि सरावाच्या वॉलेटची सोपी माहिती

अहिल्यानगर : यूपीआयने चुकून दुसऱ्याच माणसाला पैसे गेले, तर निदान बँकेत जाऊन तक्रार करता येते. ब्लॉकचेनवर तशी सोय नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेले बिटकॉइन किंवा इथर परत आणून देणारी शाखा नाही, मॅनेजर नाही. म्हणून ज्याला हे तंत्र शिकायचे आहे, त्याने पहिला व्यवहार खऱ्या पैशाने करू नये. सरावासाठी ‘टेस्टनेट’ नावाचे वेगळे जाळे फुकट मिळते. अकोले ते जामखेड, कुठल्याही गावात साध्या स्मार्टफोनवर ते वापरता येते.

ब्लॉकचेन म्हणजे काय?

ब्लॉकचेन ही एक नोंदवही आहे. तिची प्रत एकाच कार्यालयात नसते, ती जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. त्यामुळे एकदा झालेली नोंद कुणाला गुपचूप खोडता येत नाही. हे तंत्र फक्त नाण्यांसाठीच आहे असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. प्रमाणपत्र खरे की बनावट, हे पडताळता यावे हा त्यामागचा हेतू.

टेस्टनेट म्हणजे काय?

ट्रॅक्टर शिकणारा पोरगा आधी मोकळ्या रानात चालवतो. उसाची भरलेली ट्रॉली जोडून लगेच कारखान्याच्या रस्त्याला लागत नाही. टेस्टनेट म्हणजे ते मोकळे रान. व्यवहाराची पद्धत खऱ्या ब्लॉकचेनसारखीच, पण नोंदवही वेगळी आणि तिथल्या नाण्याची किंमत शून्य. पॉलिगॉनच्या अशाच एका टेस्टनेटचे नाव ‘मुंबई’ होते. ते २०२४ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा ‘अमॉय’ने घेतली. इथेरियमचे ‘सेपोलिया’ हे टेस्टनेट २०२१ पासून सुरू आहे. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

सरावाला वेगळे वॉलेट का?

वॉलेट तयार करताना साधारण १२ इंग्रजी शब्द मिळतात. ते शब्द म्हणजे तिजोरीची चावी. एकाच वॉलेटचा पत्ता टेस्टनेटवर आणि खऱ्या इथेरियमवर सारखाच असतो, चावीही तीच. सराव करताना अनोळखी साइटवर हे शब्द फुटले किंवा न वाचता ‘परवानगी द्या’ दाबले गेले, तर त्याच वॉलेटमधले खरे पैसे जाऊ शकतात. म्हणून सरावाचे वॉलेट नवे, रिकामे आणि काम झाल्यावर टाकून देता येईल असे असावे.

सराव कसा करायचा?

१. मेटामास्कसारखे वॉलेट अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून घेऊ नका.

२. नवे वॉलेट तयार करा. १२ शब्द वहीत लिहा, त्यांचा फोटो किंवा स्क्रीनशॉट काढू नका.

३. सेटिंगमध्ये टेस्ट नेटवर्क दाखवण्याचा पर्याय चालू करून सेपोलिया निवडा.

४. ‘फॉसेट’ म्हणजे फुकट सरावाची नाणी देणारा नळ. तिथे वॉलेटचा फक्त पत्ता द्यायचा. काही फॉसेट लॉगिन मागतात, काही आधी खरे इथर शिल्लक असावे अशी अट घालतात. अशी अट असेल तर दुसरे फॉसेट शोधा.

५. वॉलेटमध्ये दुसरे खाते उघडा आणि थोडी नाणी तिकडे पाठवा. पत्त्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही जुळवून पाहा.

६. इथेरियमवर साधारण दर १२ सेकंदांनी नवा ठोकळा जोडला जातो. व्यवहार नोंदला गेला की सेपोलियाच्या इथरस्कॅनवर पाठवणारा, घेणारा, रक्कम आणि शुल्क तपासा. हे सगळे जगाला उघड दिसते.

७. आता सगळी शिल्लक हाताने टाकून पाठवून बघा. अडेल, कारण व्यवहाराचे शुल्क, म्हणजे ‘गॅस’, त्यातूनच द्यावे लागते. अशा चुका इथेच करून घ्याव्यात.

फसवणूक कुठे होते?

टेस्टनेटवरची मोठी शिल्लक दाखवून कुणीही ‘बघा, माझ्याकडे किती इथर आहे’ म्हणू शकतो. समोरचा मोबाईल दाखवत असेल, तर वर कोणत्या नेटवर्कचे नाव आहे ते आधी वाचा. सरावाची नाणी विकत घेऊ नका. ‘गोएर्ली’ या जुन्या टेस्टनेटची फुकटची नाणी २०२३ मध्ये पैशाने विकली जाऊ लागली होती. पुढे ते जाळेच बंद झाले.

शिकणे वेगळे आणि गुंतवणूक वेगळी. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. ठरलेल्या परताव्याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका, मग तो पाहुण्यातला का असेना.

हेही लक्षात ठेवा

भारतात क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही. खऱ्या क्रिप्टोवरील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो.

सराव संपल्यावर त्या वॉलेटमध्ये कधीही खरे पैसे टाकू नका. पुढे खरे वॉलेट लागलेच, तर नव्या शब्दांचे नवे वॉलेट काढा. फसवणूक झाली असेल तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तक्रार जितकी लवकर, तितकी बँक खात्यातून गेलेली रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.