अपूर्णांकांची बेरीज व क्रियांचा क्रम

अपूर्णांकांची बेरीज म्हणजे समान छेदांच्या अपूर्णांकांच्या अंशांची बेरीज; छेद भिन्न असल्यास ते आधी समान करून घ्यावे लागतात. एकाचे किती समान भाग केले ते छेद सांगतो, त्यांतले किती घेतले ते अंश. भागांचा आकार एक झाल्याशिवाय ते एकत्र मोजता येत नाहीत. अंशात अंश, छेदात छेद मिळवून १/२ + १/३ = २/५ असे उत्तर काढले, तर २/५ हे मूळच्या १/२ पेक्षाही लहान भरते. हा ताळा मुलांना रीत शिकवण्याआधीच दाखवावा.

५/६ + ३/८ मध्ये छेदांचा लसावि २४; म्हणून २०/२४ + ९/२४ = २९/२४, म्हणजेच १ पूर्णांक ५/२४. छेदांचा गुणाकार ४८ घेतला तरी ५८/४८ येते, ते संक्षेपाने तेवढेच. लसाविने फक्त आकडे आटोक्यात राहतात. परस्परांच्या छेदांनी अंश व छेद गुणण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) आहे आणि छेद आधी सामाईक अवयवाने भागून घेण्याची सूचनाही तिथेच आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त लसाविला ‘निरुद्ध’ म्हटले आहे.

एका पदावलीत अनेक क्रिया आल्या, की मराठी शाळांत ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र वापरतात: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. १/२ + १/३ × ३/४ मध्ये गुणाकार आधी होऊन १/२ + १/४ = ३/४ मिळतात; डावीकडून सरळ सोडवत गेल्यास ५/८ हे चुकीचे उत्तर येते. यातला ‘चे’ म्हणजे गुणाकारच, पण भागाकाराच्या आधी करायचा. ६० ÷ २० चे १/४ म्हणजे ६० ÷ ५ = १२; ‘चे’च्या जागी × लिहिले, तर ३ × १/४ = ३/४.

सूत्रातल्या अक्षरांचा क्रम मात्र शब्दशः घेऊ नये. भागाकार-गुणाकार एकाच पायरीचे, तसेच बेरीज-वजाबाकीही. एका पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करायच्या. ‘बे’ आधी आहे म्हणून ३/४ − १/२ + १/४ मध्ये आधी बेरीज केली, तर उत्तर शून्य येते. खरे उत्तर १/२ आहे. अंश-छेदांमधली आडवी रेघही कंसाचेच काम करते: तिच्या वरची व खालची पदावली स्वतंत्रपणे सोडवल्यावरच भागाकार करायचा.